मेट्रनबाई गळे बघतात

तिसऱ्या ठिकाणाहूनही मेट्रनबाई मान हलवत बाहेर आल्या आणि गाडीत बसल्या. मागच्या सीटवर त्यांचा कुत्रा साहेब खिडकीला नाक लावून वाटच बघत होता.

मुलानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "आई, आता इथे काय खुपलं? एसी आहे, कॅमेरे आहेत, कुत्र्यांना पोहायला टाकंसुद्धा आहे."

"असेल. साहेबाला पोहायचं नाहीये. चल."

दवाखान्यातून निवृत्त होऊन बाईंना काही वर्षं झाली होती, पण घरात सगळे अजून त्यांना मेट्रनच म्हणत आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. आता त्यांचंच हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर गोड बोलले होते, पण आयुष्यभर डॉक्टरांचे चेहरे वाचलेल्या बाईला गोड बोलण्यामागचं बरोबर कळलं होतं. स्वतःची काळजी त्यांनी बाजूला ठेवली. घोर होता तो साहेबाचा. मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि हा पठ्ठ्या बाईंशिवाय कुणाच्या हातचं खाईल तर शपथ. मागे एकदा त्या परगावी गेल्या, तर भांड्याकडे पाठ फिरवून बसून राहिला. परत आल्या तेव्हा त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

तेव्हा त्याला सांभाळणारा माणूस खात्रीचा हवा होता, आणि तो शोधायची बाईंची तऱ्हा न्यारी होती. मुलगा खोल्या बघे, सून स्वच्छता बघे. बाई थेट तिथल्या कुत्र्यांपाशी जात आणि चष्मा सारखा करून एकेकाचा गळा न्याहाळत. बाकी कशाकडे ढुंकून बघत नसत.

सुनेनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पट्टा आवळला की गळ्यावरचे केस झडतात. माणूस थापा मारेल. गळा कसा मारेल?"

सुनेला हे इतकं पटलं की तिनं ऑफिसभर सांगितलं. आमच्या सासूबाईंची नजर म्हणजे एक्स-रे, असं ती म्हणे, आणि त्यात चेष्टा कमी, कौतुक जास्त असे.

चौथी जागा वस्तीच्या कडेला होती. पत्र्याची शेड, झाडून लख्ख केलेलं अंगण, ना पाटी ना कॅमेरा. मुलाच्या कपाळावर आठी उमटली. बाई मात्र आत शिरल्या आणि चार-पाच कुत्री शेपट्या हलवत त्यांच्याभोवती गोळा झाली. एकेकाच्या गळ्यात जाड कापडाचा सैलसर पट्टा होता, लाल दोऱ्यानं दुहेरी शिवलेला. बाई खाली वाकल्या, एकाच्या पट्ट्याखाली त्यांनी बोट सरकवलं. केस दाट होते. तरी ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"हे पट्टे कुठे मिळतात हो?"

"मिळत नाहीत. मीच शिवतो," शेडमधून बाहेर येत एक माणूस म्हणाला. "बाजारातले रुततात."

हा कुत्र्यांना शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. बाईंनी त्याला नीट पाहून घेतलं आणि मुलाला साहेबाला आणायला सांगितलं. आधीच्या तिन्ही ठिकाणी साहेबाला गाडीतून उतरवायचीही वेळ आली नव्हती.

साहेब परक्या माणसावर गुरगुरणार हे ठरलेलं. मुलानं साखळी घट्ट धरली. मास्तर जागच्या जागी थबकला, मग हळूच खाली बसला आणि त्यानं तळहात उताणा करून जमिनीवर ठेवला. साहेब गेला, हात हुंगला आणि त्यात हनुवटी टेकून डोळे मिटून पडला. मुलानं अक्षरशः तोंडात बोट घातलं.

मास्तरनं साहेबाच्या मागच्या पायावरून हात फिरवला. "हा मोडला होता का?"

"गाडीनं उडवलं होतं. आमच्या दवाखान्याच्या फाटकाशी पडला होता. मालकाची खूप चौकशी केली, कुणी आलं नाही. मग मीच केलं त्याचं सगळं."

"छान जुळलंय हाड. हात चांगला आहे तुमचा." मग पाणी आणतो म्हणून तो आत गेला, तो बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आला.

बाईंनी विचारलं, रात्री यांच्याजवळ कोण झोपतं? मीच, मास्तर म्हणाला. आजारी पडलं तर? तरी मीच.

"आणि न्यायला कुणी आलंच नाही तर?"

"इथून आजवर कुणाला हाकललेलं नाही," मास्तर म्हणाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. परतताना मुलगा वाटभर मास्तरचंच गुणगान करत होता. असा खात्रीचा माणूस आईनं कसा हुडकला, याचंही त्याला अप्रूप वाटत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साहेब मास्तरकडे आला तो आपलं भांडं आणि घोंगडी घेऊन. मास्तरनं भात कालवून पुढे केला आणि साहेब त्याच्या हातून चाटूनपुसून जेवला. बाईंना बरं वाटलं, आणि आत कुठेतरी तुटलंही. त्यांनी साहेबाच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला.

"मग," मास्तरनं खाली बघत विचारलं, "न्यायला कधी येणार?"

"बरी झाले तर भेटायला येईन," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली आणि एक जुनी, विटकी वस्तू काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "फाटकाशी सापडला तेव्हा याच्या गळ्यात हे होतं."

जाड कापडाचा पट्टा होता. शिवण दुहेरी, लाल दोऱ्याची.