हजारपट स्पष्ट

मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तपासणीसाठी काढलेल्या त्याच्या पेशी प्रयोगशाळेत अजून जगत होत्या. दर गुरुवारी त्याची आई यायची. तंत्रज्ञ बाई तिला त्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या. आत हिरवे चमकते ठिपके धावत असायचे.

पुढे पेशी वाढवायच्या काचेच्या बश्यांना बुरशी लागली आणि त्याची एकच बशी उरली. तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख सर आईला म्हणाले, "ताई, यातलीच एक पेशी आता इलेक्ट्रॉनच्या मोठ्या यंत्रात बघू. आजार नेमका कुठे दडला होता ते कळेल."

"त्याला काही होणार नाही ना?"

"छे हो! उलट हजारपट स्पष्ट दिसेल."

तिने आनंदाने सही केली.

बाईंनी चमकणारी एक पेशी हेरून ठेवली, अख्खी बशी रसायनात बुडवून मारली, राळेत घट्ट केली आणि हिऱ्याच्या सुरीने त्या पेशीचे काप काढले.

पुढच्या खेपेला सरांनी त्या पेशीचा आधी काढलेला हिरवा आणि मोठ्या यंत्रातला काळा-पांढरा असे दोन्ही फोटो एकावर एक जुळवून दाखवले. आईने त्यावरून हळूच बोट फिरवलं. "केवढं स्पष्ट! बरं, आता हलताना दाखवा की."

सर फोन आल्यासारखं करून बाहेर गेले.

बाईंनी कपाटातून दुसरीच एक बशी काढून भिंगाखाली सरकवली. आई डोळा लावून बघतच राहिली.

"अगंबाई, आज केवढा खुशीत आहे!"

"हो ना," बाई म्हणाल्या आणि 'उंदीर' असं लिहिलेलं झाकण त्यांनी एप्रनच्या खिशात सारलं.