बुरुजावरून उतरताना

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन किल्ल्याच्या बुरुजावर परागचं व्याख्यान रंगलं होतं. “गोल जिना मुद्दाम अरुंद बांधलाय. वर एकटा योद्धा उभा राहिला की अख्खी फौज अडायची.” मग बायकोकडे बघून हसला. “मंजिरी, तुझ्यासारखं भित्रं कुणी असतं, तर किल्ला तासाभरात पडला असता.” तेवढ्यात फायर अलार्म वाजला. पराग सहा वर्षांच्या लेकीला ढकलून जिन्यातून पसार झाला. तिचा गुडघा दगडावर फुटला. तिला कडेवर घेऊन मंजिरी भिंतीला आधारासाठी लावलेला दोर धरून सावकाश उतरली. खाली पराग कर्मचाऱ्यांशी गप्पा मारत होता. “फॉल्स अलार्म होता. रस्ता मोकळा आहे का बघायला पुढे आलो.” मंजिरीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावण्याइतकाही तो तिला मोठा वाटेना. “गाडीची किल्ली दे. तू ट्रेननं ये.” लोक बघत होते, म्हणून त्यानं किल्ली हसतहसत दिली.