खाली ठेवलेला कप

रिनादनं भरलेला कप तबकात ठेवला. टक् असा बारीक आवाज झाला आणि उम्म नायेफचं बोलणं तिथंच तुटलं.

म्हातारी लसूण सोलता सोलता शेजारणीच्या सुनेची उणीदुणी काढत होती. तिची सुरी थांबली. पलीकडच्या गादीवर लुजैन आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होती, तीही थांबली. तिनं रिनादला नजरेनंच विचारलं, हे काय करून बसलीस?

आपण काय करून बसलो ते रिनादला जरा उशिरा कळलं. कडू कॉफीचा तो चिमुकला कप खाली ठेवायचाच नसतो. प्यायचा, पुरे झालं की हलवायचा आणि वाढणाऱ्याच्या हातात परत द्यायचा. न पिता खाली ठेवतो तो काहीतरी मागायला आलेला माणूस. मागच्या वर्षी तिच्या आत्याला मागणी घालायला आलेल्यांनी असाच ठेवला होता. सगळे पुरुष गप्प बसून होते. आजोबा ‘कॉफी प्या’ म्हणाले तेव्हा कुठं लग्न ठरलं.

पण ते मोठ्या पुरुषांचं. शाळेच्या हिरव्या झग्यातल्या पोरींचं नव्हे.

आणि तिला काही मागायचं नव्हतंच मुळी. दातांची तार कालच आवळून घेतली होती, जीभ सोलवटली होती आणि ही कॉफी म्हणजे निव्वळ डांबर. सुरुवातीला ती कशी वेलदोड्याची, सोनेरी असायची. हल्ली दर खेपेला आणखी काळी. हज्जेला आता चमचासुद्धा दिसत नाही, असं लुजैन उम्म नायेफबद्दल म्हणायची.

खरंच दिसत नव्हतं. नववीच्या मुलींना सेवेचे तास भरावे लागतात, म्हणून शाळेनं दोघी-दोघींना एकेक घर नेमून दिलं होतं. या दोघींच्या वाट्याला जॉर्डनमधल्या सल्ट गावाच्या चढावरचं हे घर आलं. दर गुरुवारी यायचं, केर काढायचा, औषधं लावायची. त्या वेळी उम्म नायेफ माणसं ओळखायची. आता ती दारातल्या पायऱ्या मोजून उतरायची. एक डोळा गेला होता. दुसराही हा उन्हाळा काढायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशनची तारीख येत्या रविवारची. ती हुकली तर पुढची सहा महिन्यांनी.

मुलगा नायेफ अकाबाहून दोनदा आला आणि हात हलवत परत गेला. दुसऱ्या वेळी, महिन्यापूर्वी, हज्जेनं त्याला दारात उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, “या डोळ्याला सुरी लागायची नाही. उम्म नायेफनं नाही म्हटलं म्हणजे नाही.” मग शाळेतल्या बाई समजावून गेल्या. त्यांनाही तेच. तेव्हापासून वर्गात बसल्या बसल्या रिनादच्या डोळ्यांपुढं एकच यायचं, पायऱ्या मोजताना चुकलेला एक आकडा.

हज्जेनं लसणाची थाळी बाजूला सारली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला. पाठ ताठ केली. एरवी ‘पोरी’ आणि ‘कार्टे’पलीकडे हाक न मारणारी ती बाई म्हणाली,

“तुमची कॉफी तशीच आहे. आमच्या दारी काय मागायला आलात?”

लुजैननं हसू बाहीत दाबलं. “अहो हज्जे, तिच्या दातांना...”

“तू गोळ्या भर. मी पाहुण्यांशी बोलतेय.”

चुकलं म्हणून कप उचलला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. रिनादचा हात पुढं गेलाही. मग तो तिनं मांडीवर परत घेतला.

“रविवार मागायला आलेय, हज्जे,” ती म्हणाली. “रविवारी आमच्याबरोबर हॉस्पिटलात यायचं. डोळा करून घ्यायचा.”

“मी नाही म्हटलंय, ते गल्लीला ठाऊक आहे.”

“मलाही ठाऊक आहे. म्हणून तर कप खाली आहे.”

बाहेर गॅसवाल्याची गाडी आपली धून वाजवत चढ चढून गेली. ती पार विरेपर्यंत हज्जे मांडीवरची लसणाची सालं चाचपून चाचपून गोळा करत राहिली.

“पाहुण्यानं मागितलं आणि या घरानं दिलं नाही, असं माझ्या नवऱ्याच्या हयातीत झालं नाही,” ती शेवटी म्हणाली. “आता होणार नाही. कॉफी प्या.”

रिनादनं ते गार डांबर एका घोटात गिळलं. जीभ पेटली, डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि महिनाभर छातीत अडकलेलं काहीतरी त्या घोटाबरोबर खाली उतरलं. लुजैन गोळ्या टाकून तिच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या की हसत, त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण रिनादला खोटं पचेना. “हज्जे, खरं सांगू? रागावू नका. मी काही मागायला म्हणून कप ठेवला नव्हता. कॉफी फार कडू होती, पिववेना.”

उम्म नायेफनं थाळी पुन्हा पुढ्यात ओढली.

“गल्लीभर नाही सांगून बसलेल्या बाईनं आपणहून हो म्हणायचं तरी कसं?” तिनं एक पाकळी सोलली. “चार गुरुवार झाले, दर वेळी पूड वाढवतेय मी. पण तू कसली सोशीक, कार्टे, आपली गुमान पीत होतीस.”