वेगळी प्रत

लकवा मारल्यापासून तानूबाई चौगुले डोक्यातल्या चिपनं बोलायच्या. मनात वाक्य आलं की उशाजवळच्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज निघायचा. चिपचं सॉफ्टवेअर खुलं होतं, कुणीही बदलावं असं. पण त्यात मेनू इतके, की म्हातारी वाक्य सोडून मेनूतच अडकायची.

"सोपं करून टाका," मुलगा अशोक दुरुस्तीला आलेल्या रेश्मा मुलाणीला म्हणाला. "पाणी, जेवण, औषध, संडास. बास झालं."

"सेटिंगमधून बाकीचं झाकते. लागेल तेव्हा उघडतील त्या."

"उघडती आणि मला शिव्या घालती! वेगळी प्रत काढा. बाकीचं कापूनच टाका."

"कापलेलं परत येत नाही, दादा. मूळ सॉफ्टवेअरच्या पुढच्या सुधारणाही मग मिळणार नाहीत. आजींची संमती लागेल."

"लगेच घ्या की. आई, कापू दे न्हवं?"

"हो," स्पीकर म्हणाला.

रेश्मानं स्क्रीन बघितली. अशोकनं कालच स्वतःच्या हातानं कापलेली कच्ची प्रत तात्पुरती वर चढवली होती; मूळ प्रत खाली तशीच होती. तिच्यात 'हो' ठेवलं होतं. 'नाही' नव्हतंच.

तिनं मूळ प्रत सुरू केली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"झाक बाई," तानूबाई म्हणाल्या. "मेनूंनी डोकं उठतं, ते खरंय. पण कापू नकोस. उघडायचं माझ्या हातात ठेव."

"आई, तुझ्याच सोयीसाठी..."

"गप. काल अंघोळीला गरम पाणी सोसतंय का म्हणून विचारलंस. माझ्याकडं हो सोडून काय होतं? पाठ बघ माझी."