शिलाचा कान

थप्, थप्. घरातली माणसं इतकी चिडीचूप होती की शिलाला आपल्याच भाकरीचा आवाज मोठा वाटला.

"हळू थाप गं," हरिचंद म्हणाला. त्याच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये पांढऱ्या शर्टातली राजनंदिनी, त्याची धाकटी मुलगी, शिलाची बहीण. आज ती पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार होती. दोन माणसांचं इवलंसं विमान, पण इंजिन दणदणत होतं.

"थंडी आहे ना बाबा, तेल गरम होईपर्यंत असंच चालू ठेवावं लागतं," ती ओरडून सांगत होती. "म्हटलं तेवढ्यात बोलून घ्यावं. सरांना फोन दिसला तर मेले मी."

"होऊ दे गरम. घाई नको करू माय."

सेनगावात तीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करता करता हरिचंदचे कान गेले होते. मोठ्यानं बोललेलं कळायचं, बारीक आवाज निसटायचे. आता हात त्याचे आणि कान शिलाचे. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायची आणि सांगायची, बाबा, ह्याचा प्लग गेला. पण गिऱ्हाइकाला चहा पाजताना तो सांगायचा ते राजनंदिनीचंच. माही पोरगी पायलट होऊन राहिली.

राजनंदिनीची नखं किती स्वच्छ होती. शिलाच्या नखांतलं काळं पीठ मळूनसुद्धा निघत नव्हतं.

"हे बघ ताई, ह्याला दोन-दोन प्लग असतात. चावी फिरवून एकेक बाजू तपासायची. फेऱ्यांचा काटा फार पडला तर उडायचं नाही." राजनंदिनीनं फोनकडं बघून हसत हसत चावी डावीकडं फिरवली. आवाज जरा उतरला. मग अडखळला. परत अडखळला. तिनं चावी जागेवर आणली आणि इंजिन पुन्हा सुरळीत घुमायला लागलं.

शिलाचा हात पिठावरच राहिला.

"कसा हाय गं आवाज?" हरिचंदनं विचारलं. "मला तर निस्ती घरघर."

राजनंदिनी अजून हसतच होती. समोरच्या काट्याकडं तिनं पाहिलंच नव्हतं.

"चांगला हाय," शिला म्हणाली.

"बराबर. जा माय, जा आता."

फोन बंद झाला. हरिचंदनं उपरण्यानं डोळे टिपले. "चला, एका तरी पोरीनं नाव काढलं."

शिला परत थापायला लागली. भाकरी फाटली. तिनं ती मोडून गोळा केला, पुन्हा थापली, पुन्हा फाटली. मग पिठाच्या हातानंच तिनं बापाच्या हातातला मोबाईल ओढून घेतला.

एक रिंग गेली. दोन. पाच.

"ताई, आता न्हाई, उडायचा माझा नंबर आलाय..."

"चावी परत डावीकडं फिरव. माझ्याकडं नको बघू, काट्याकडं बघ."

इंजिन अडखळलं. राजनंदिनीनं इंजिनच बंद केलं आणि फोनमधून नुसता वाऱ्याचा आवाज यायला लागला.

"निघालेच होते गं मी, ताई," ती म्हणाली.

हरिचंदला सगळं ओरडून सांगावं लागलं. समजलं तसं त्यानं शिलाच्या डोक्यावर हात ठेवला. "कान हाय माह्या शिलाला," तो म्हणाला. "असा कान कोनालाच न्हाई." हे ऐकायला तिनं किती वर्षं वाट पाहिली होती. आता तिला मान वर करवेना. तव्यावरची भाकरी करपली होती, ती उलटत बसली.

परातीशी बसून शिलाची लेक आरोही पिठाची चिमणी करत होती. सहा वर्षांचं लेकरू, तिनं मान तिरकी करून आईकडं पाहिलं.

"आई, तुझा हात तर आवाज पहिल्या बारीला अडखळला तेव्हाच थांबला होता."

शिलानं चुलीतला जाळ मागं ओढला.

"मग आबाला 'चांगला हाय' काहून म्हनली तू?"