पाठीवरची खूण

वाघ्या कुत्र्याच्या पाठीवर लाल खूण दिसली आणि विपुलने जाळी गाडीला टेकवून ठेवली.

"याला झालंय, मॅडम. रविवारच्या टीमने रेबीजची लस टोचलीय. रंग आहे बघा."

डॉक्टर मृणाली तरीही पुढे आली. दापोड्याच्या गोदामांमागे, टेकडीच्या पायथ्याशी सात घरांचा पाडा होता. शेवटच्या घराच्या खांबाला वाघ्या बांधलेला होता. त्याच्या कानाखाली जखम होती आणि तिच्यात हळद दाबलेली. काल दुपारी गोदामाकडून आलेल्या एका कुत्र्याने त्याला धरलं होतं. ते कुत्रं संध्याकाळी मेलं. त्याच्या तोंडाला फेस होता, असं वॉचमनने फोनवर सांगितलं होतं.

आक्का उंबऱ्यात बसली होती. तिची सहा वर्षांची नात सोनी तिच्या पाठीला चिकटून उभी होती.

"आक्का, याला रविवारी इंजेक्शन दिलं होतं ना?" मृणालीने विचारलं.

आक्का वाघ्याकडे बघत राहिली.

"दिलं आसंल तर?"

"तर आज आणखी एक देऊ. इथंच बांधून ठेवायचा, दीड महिना. लक्ष ठेवायचं."

"आन् न्हाय दिलं तर?"

विपुल हसला. "आक्का, रंग काय आभाळातून पडला काय त्याच्यावर?"

मृणाली हसली नाही. "नसेल दिलं तर न्यावा लागेल. सहा महिने पिंजऱ्यात, एकटा. चावलेलं कुत्रं पिसाळलेलंच होतं असं दिसतंय. तुम्हाला खोटं सांगत नाही, अशातली फार थोडी परत येतात."

आक्काने मान हलवली. ऐकलं, एवढंच त्यात होतं.

"त्याच्याजवळ घरातलं कोण असतं?"

"मी," सोनी आजीच्या पाठीआडून म्हणाली. "माज्या गोधडीत निजतो तो. लाथा मारतो."

"कालही निजला?"

"काल आजीनं बांधला त्याला."

मृणाली आक्काकडे वळली. "लस झाली असेल तर फारशी भीती नाही. झाली नसेल आणि तो इथेच राहिला, तर पोरीला धोका आहे. म्हणून विचारते."

विपुलने गाडीतून सुई काढली होती. खूण समोर होती. कोणी आणखी काही विचारणार नव्हतं.

आक्का उठली. मडक्यातलं पाणी तांब्यात घेऊन ती वाघ्याजवळ गेली. तिने पाणी त्याच्या पाठीवर ओतलं आणि तळहाताने चोळलं. वाघ्या शेपूट हलवत उभा राहिला. त्याच्या पोटावरून लाल पाणी निथळलं आणि शेणाने सारवलेल्या अंगणात पसरलं. दुसऱ्या तांब्याला पाठ पुन्हा पिवळी झाली.

"आमचा रंग पाण्याने जात नाय," विपुल हळू म्हणाला.

"गेरू हाय," आक्का म्हणाली. तिने दाराजवळच्या करवंटीकडे बोट दाखवलं. तळाला थोडा गेरू उरला होता. "वाघबारशीच्या सनाला गुरांना लावला, त्यातला. रविवारी गाडी येनार आसं कळलं तवा यालाबी लावला. लाल आसला का तुमी जाळी टाकत न्हाय, आसं पाड्यात म्हनत व्हते."

"पण का, आक्का? सुईच होती नुसती," मृणाली म्हणाली.

"आमचा काळ्या आसाच नेला व्हता एका गाडीनं. आपरेशन करून दोन दिसांत आनून सोडतो, म्हनाले." तिने तांब्या खाली ठेवला. "न्हाय आनला."

विपुलने सुई पुन्हा डब्यात ठेवली. तो जाळी घ्यायला वळला.

"जाळी नको, बाबा. माज्या मागं येल."

तिने खांबाची दोरी सोडली. वाघ्या तिच्या मागून गाडीपर्यंत गेला. पिंजऱ्याच्या दारात तो थांबला आणि त्याने वर तिच्याकडे पाहिलं. "जा," ती म्हणाली. तो आत गेला, एकदा गोल फिरला आणि बसला. विपुलने कडी लावली.

"त्याची जखम कोणी धुतली?" मृणालीने विचारलं.

"मी."

"हात दाखवा."

आक्काने हात पुढे केले. भातकापणी चालू होती. विळ्याने आणि पेंढ्याने बोटं चिरलेली होती.

मृणालीने गाडीतून साबण आणि पाण्याचा कॅन काढला. "बसा. पंधरा मिनिटं धुवायचे. मग आमच्याच गाडीने सरकारी दवाखान्यात जाऊ. त्या कुत्र्याची लाळ जखमेतून या चिरांत गेली असेल. तुम्हाला आजच सुई घ्यायला हवी. वेळ नाही घालवायचा."

"गाडीत?" सोनीने विचारलं.

"हो. गाडीत."

सोनी पिंजऱ्याकडे बघत राहिली. वाघ्याने जाळीला नाक लावलं होतं. मग ती मागे सरली आणि घराकडे गेली.

आक्का अंगणात उकिडवी बसली. मृणाली पाणी ओतत होती. साबणाचा फेस आधी तांबूस आला, मग पांढरा. गोदामाच्या बाजूला एक ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

पाठीला ओलं लागलं म्हणून आक्काने मान वळवली. सोनी मागे उभी होती. तिच्या एका हातात करवंटी होती. दुसरा हात मनगटापर्यंत लाल होता. आक्काच्या लुगड्यावर, पाठीच्या मधोमध, पाच बोटं उमटली होती.

सोनीने विपुलकडे पाहिलं.

"हिला झालंय," ती म्हणाली.