गोट्याचं नाव

“नदीच्या गोट्याले नाव नसते, बाबू.”

बापाच्या डोळ्यावर पट्टी, पट्टीतून झिरपणारं लाल, आणि त्याचा तो थंड, समजूतदार आवाज. देवीदास सोमकुंवर तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. आज नोकरी संपत आली, मिशी पांढरी झाली, तरी तो आवाज कानातून उतरला नव्हता. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात सावरगावच्या जखमी बापूजींच्या खाटेशेजारी बसून त्यानं जबाब लिहायला पेनाचं टोपण काढलं, तेव्हाही तो ऐकू आला. आणि नेहमीसारखाच राग आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जाम नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं असतं, झाडावर झेंडा फडफडत असतो. बापजाद्यांपासूनची रीत. दिवस कलला की रक्त पुसायचं, भस्म लावायचं, ज्याला झोडलं त्याच्याच खांद्यावर हात टाकून घरी जायचं. कोणाचा गोटा कोणाला लागला, हे विचारायचं नाही. फक्त गोफण आणायची नाही. हातचा गोटा माणसापर्यंत येतो, गोफणीचा हाडापर्यंत जातो.

यंदा बापूजींच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. सावरगावचे बापूजी, देवीदासच्या मामाच्या शेजारघरचे, संत्र्याचा बगीचा राखणारे. आणि पांढुर्ण्याच्या काठावर वैभव नावाच्या पोराच्या कमरेला गोफण सापडली होती. वैभवची नुकतीच रेल्वेत निवड झाली होती. पोलिसात नाव चढलं की ती गेलीच. त्याची आई वच्छला सकाळपासून व्हरांड्यात उभी होती. देवीदास तिच्यासमोरून दोनदा गेला. त्यानं मान वळवली नाही.

वळवणारही नव्हता. सख्ख्या साळ्याचा रेतीचा ट्रॅक्टर जप्त करून सासुरवाडी तोडलेला माणूस तो. ठाण्यातली पोरं मागून म्हणायची, साहेब आरशात पाहतानाही स्वतःचं लायसन मागतात. त्याला ते ठाऊक होतं. त्याचं एकच म्हणणं होतं, जखमेला नाव पाहिजे. पांढुर्ण्याच्या काठावर गोटा खाल्लेल्या बापाच्या जखमेला कोणी नाव दिलं नाही. बाप एका डोळ्यानं कापूस वेचत म्हातारा झाला आणि तसाच गेला. ज्यानं तो डोळा फोडला, तो कुठंतरी मुलाबाळांत सुखानं जेवला असेल. या एका घासापायी देवीदास पोलीस झाला होता.

“बापूजी, गोटा वैभवनं मारला ना?”

“मी खाली पाहून राहिलो होतो.”

“गोफणीचा होता की हातचा?”

“लागला तवा गोट्याले पुसाचं राहून गेलं, दरोगाजी.”

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा फिसकन हसला. देवीदास हसला नाही.

“हे बघा,” तो म्हणाला, “माझ्या बापानंही असंच तोंड शिवून घेतलं. एका घराचं काय झालं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही तरी तसं करू नका. ज्यानं मारलं त्याचं नाव लिहिल्याशिवाय मी आज उठणार नाही.”

बापूजींनी त्याच्याकडे पाहिलं. बांधावरच्या जुन्या झाडाकडे पाहावं तसं.

“दोन्ही नावं लिहाल?”

“कोणती दोन?”

“या सालचं. अन तुया बाच्या सालचं.”

पेन थबकलं. “तुम्हाला माहीत आहे?”

“लिहाल का, थे सांगा.”

“लिहीन,” देवीदास म्हणाला. “माझी शपथ. कोणी का असेना.”

“मंग लिही,” बापूजी म्हणाले आणि त्यांनी छताकडे नजर लावली. “अंबाडीची गोफण मीच वळून देल्ली होती. पाखरं हाकलाले. करीच्या दिवशी तुया मामाच्या माडीवर आपण दोघं चढलो. तू म्हणे, माह्या गोटा नदीपार जाते का पाहू. मी म्हटलं, मार. गेला, बापा, गेला. मी तुया बाले पडताना पाह्यलं. तुले नाही पाहू देल्लं. दंडाले धरून वावरात नेलं, भुट्टे भाजून देल्ले. तू तोंड काळं करून खात बसला.”

देवीदासच्या जिभेवर जळलेल्या दाण्याची चव आली. कुठून आली, कोण जाणे. ती तिथेच होती.

वॉर्डात पंखा फिरत होता. दाराशी शिपाई अक्षय येऊन उभा राहिला. “साहेब, पोट्ट्याले गाडीत बसवू काय?”

देवीदासनं कोऱ्या कागदाची घडी घातली. आणखी एक घातली.

“नाही,” तो म्हणाला. “वच्छलाबाईंना सांग, पोराला घेऊन घरी जा म्हणा.”

अक्षय क्षणभर तिथेच राहिला. साहेब चुकीचं बोलले की आपण चुकीचं ऐकलं, ते त्याला उमगेना. मग तो गेला. व्हरांड्यात बांगड्या वाजल्या, कोणीतरी रडलं, पावलं जिन्यानं उतरत गेली.

देवीदासनं टोपी मांडीवर ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडी घरची बोली आली.

“बापूजी… बाले माहीत नव्हतं ना? कोनी मारला थे?”

बापूजी पांघरुणाचा काठ दोन बोटांत चुरत राहिले.

“सांगा ना. नव्हतं ना माहीत?”

“देव्या,” बापूजी म्हणाले, “गोटा लागला तवा तुया बा तुयाकडंच पाहून रायला होता. माडीवरून खाली उतर म्हणून तुले हात दाखवून रायला होता.”